निवड विषाणू करत नाही

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा: पेशीबाहेरचा विषाणू म्हणजे नुसता निर्जीव कण, असं मी लिहिलं आणि पुढे फ्लूचा विषाणू नेमक्या श्वसनमार्गाच्या पेशी गाठतो, असंही लिहिलं. ज्याला निवड करता येते त्याला जाणीव असणारच, असं तुमचं म्हणणं.

पण तो काही गाठायला निघालेला नसतो. त्याला हालता येत नाही, ऊर्जा तयार करता येत नाही. श्वासाबरोबर जिथे पडेल तिथे पडतो आणि बहुतेक कण वायाच जातात. त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काटे असतात. आपल्या पेशींवरच्या शर्करासाखळ्यांच्या टोकाला सायॅलिक आम्ल असतं. या दोघांचे आकार जुळतात, म्हणून कण चिकटतो. एकेक पकड अगदी कमजोर, पण अशा बऱ्याच एकदम बसल्या की सुटका नाही. हे आम्ल साखळीला कसं जोडलंय यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पक्ष्यांच्या फ्लूला मानवणारी जोडणी आपल्या नाक-घशात कमी सापडते. तो माणसांमाणसांत सहज पसरत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

पुढचं काम तर पेशीच करते. चिकटलेला कण ती पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढते आणि पिशवीतली आम्लता वाढवत नेते. पीएच (आम्लता वाढेल तसा हा आकडा घटतो) 5 च्या आसपास उतरला की चाप ओढून ठेवलेल्या सापळ्यासारखं बसलेलं हिमॅग्लुटिनिन झटक्यात उलगडतं. त्याचं टोक पिशवीच्या पटलात रुततं, मग ते स्वतःवरच दुमडतं आणि विषाणूचं आवरण व पिशवीचं पटल एकमेकांत मिसळतं. विषाणूची जनुकीय माहिती वाहणाऱ्या आरएनएचे 8 तुकडे मोकळे होऊन केंद्रकात पोचतात. तिथे विषाणूचं विकर (एन्झाइम) पेशीच्याच आरएनएचं टोक कापून आपल्या संदेशाला जोडतं. मग प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या लेखी तो संदेश घरचाच!

जाणीव लागत नाही, याचा मला सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा 1991 चा आहे. विषाणूशास्त्रज्ञ एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशी फोडून केंद्रकं काढून टाकली आणि उरलेल्या रसात पोलिओ विषाणूचा आरएनए घातला. एकही अखंड पेशी नसताना परीक्षानळीत संसर्गक्षम विषाणू तयार झाले. पेशीत शिरल्यावर त्याला सजीव म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, अँटिबायोटिक घेतल्यावर तुमचा फ्लू उतरला हा. फ्लू बहुधा आठवडाभरात आपला आपणच उतरतो. पेनिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. विषाणूला ती मुळात नसतेच. ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचं तसं नाही. बाहेर पडणारे नवे कण पेशीवरच्या त्याच सायॅलिक आम्लाला अडकतात आणि ते कापून सुटायला त्यांना न्यूरामिनिडेज हे विकर लागतं. औषध नेमकं त्यालाच अडवतं. म्हणून लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत ते सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं; उशीर झाला की तोवर बरेचसे कण सुटून पुढच्या पेशींत शिरलेले असतात.