चूक सांगणाऱ्याला झापा म्हणे, प्रमोशन भेटते!

पंधरा दिवसांआधी आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकाजींनी फॉरवर्ड टाकला, 'साहेब व्हायचं असेल तर हे पाच नियम'. एक, निर्णय एकट्यानं घ्या. दोन, हाताखालच्यांपासून अंतर ठेवा. तीन, चूक सांगत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी झापा, तक्रारी आपोआप बंद होतात. चार, टीम आपल्याच माणसांची बनवा. पाच, बायांना अन् अपंगांना सवलती देत बसू नका, काम बसते. खाली सिंहाचा फोटो. असे दिवसाला दहा येतात, मी उघडतही नाही, पण दुपारी भाचीचा फोन, "मामा, ग्रुपवरचं ते खरं व्हय का? मी तर सगळं उलटंच करून राहिली."

भाची दिवाळीपासून तालुक्याच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, सुपरवायझर आहे. वय सव्वीस, हाताखाली पस्तीस-चाळीस माणसं, हमाल, रेच्यावरची (सरकी काढायच्या मशीनवरची) पोरं, कवडी (खराब कापूस) वेचणाऱ्या बाया. त्या सिंहानं तिला घाबरवलं म्हणून लिहून राहिलो, नाहीतर मला काय पडलं होतं.

तिसरा नियम आधी घेतो, कारण तो खरोखर आग लावणारा आहे. जानेवारीत कवडी वेचणारी एक मावशी हातातलं काम टाकून भाचीकडे आली, "बाई, कोपऱ्यातल्या गंजीतून जळका वास येऊन रायला." धूर नाही, काही नाही, मुकादम हसला, म्हणे बिडीचा वास आला असन हिला. भाचीनं तरी ती कापसाची गंजी उकलायला लावली. चार हात आत कापूस काळा पडलेला, वारा लागला तसा लाल झाला. कापसात ठिणगी बसली की तासन्‌तास आतल्या आत धुमसते अन् दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, हे जिनिंगवाल्याला सांगायची गरज नाही. आता ऐका, हीच मावशी त्याच्या आधल्या सीझनला जुन्या सुपरवायझरकडे कापसात सुतळ्या अन् प्लास्टिक येतंय हे सांगायला गेली होती. "तू वेचाले आली का अक्कल शिकवाले?" हे उत्तर भेटलं. त्यानंतर तिनं तोंड शिवून घेतलं. भाची रोज सुट्टीआधी बायांमध्ये पाच मिनिटं बसते अन् 'आज काय वाकडं दिसलं' एवढंच विचारते, त्यातून ते तोंड उघडलं. फॉरवर्डच्या हिशेबानं जुना सुपरवायझर आदर्श साहेब, त्याच्याकडे तक्रार शून्य होती ना!

काकाजींना पुस्तकी पुरावा पाहिजे तर तोही घ्या. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नावाच्या बाई नव्वदच्या दशकात दवाखान्यांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. मग कोणती टीम कशी हे माहीत नसलेला एक माणूस वॉर्डावॉर्डात पाहायला पाठवला, तेव्हा उलगडलं की चांगल्या टीममध्ये नर्सा चुका सांगत होत्या आणि बाकी ठिकाणी लपवत होत्या. १९९९ साली बाईंनी ह्यावर पेपर लिहिला, न घाबरता बोलता येणं म्हणजे काय त्यावर. पुढे गूगलनं आपल्या १८० टीम तपासल्या, त्यातही चांगल्या टीमच्या कारणांत हीच गोष्ट पहिल्या नंबरावर निघाली. 'मोठ्या कंपन्यांत असंच चालते' असं त्या सिंहाखाली लिहिलं होतं म्हणून हे सांगितलं.

बाकीचे नियम भरभर घेतो. एकट्यानं निर्णय: गंजी पेटल्यावर मिटिंग बोलावू नये, एवढं कबूल. पण विचारत बसलं की काम होत नाही म्हणणाऱ्यानं गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जाऊन यावं, तिथे ग्रामसभेत सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही आणि त्याच गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, नंतर स्वतःचा बांबू स्वतः विकला. अंतर ठेवा म्हणे, ठेवा बापा, वास तुम्हालाच येणार नाही. 'आपली माणसं' म्हणजे कोण ते आपल्याकडे सगळ्यांना समजते, आडनाव पाहून भरलेली टीम तुमचं नाक पाहून बोलते. आणि बायांची सवलत काय घेऊन बसले, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती लागते, २०१३ चा कायदा आहे, अपंगांचा २०१६ चा आहे. मेहरबानीचा विषयच नाही.

आता एक गोष्ट जिवावर येऊन मान्य करतो. सगळ्यांना धरून चालल्यानं प्रमोशन आपोआप भेटत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, वेगवेगळ्या लोकांना पुढे आणणाऱ्या मॅनेजर बायांना आणि गोरे नसलेल्या मॅनेजरांना वरून उलट कमी मार्क भेटले, गोऱ्या पुरुषांना तसा फटका बसला नाही. म्हणजे भाचीसारखीला जास्त सांभाळून राहावं लागते. म्हणून मी तिला म्हटलं, वही कर. तारीख, कोणी सांगितलं, काय केलं, किती क्विंटल वाचले. मालकाला बायांशी गोड बोलणं दिसत नाही, क्विंटल दिसतात.

गेल्या सोमवारी तिनं वही दाखवली. मालकानं दोन पानं उलटवली, मावशीच्या नावावर बोट ठेवलं, "ही कोण?" भाची म्हणाली, "आठ वर्षांपासून तुमच्याकडंच आहे जी." पुढच्या सीझनला दुसऱ्या युनिटचंही पाहशील का, असं त्यानं जाता जाता विचारलं. पगाराचं अजून काही बोलला नाही.