दीड तारा

पाचपैकी दीड. जिओकॅशिंगमध्ये डबी शोधायला किती अवघड आहे त्याचे तारे असतात आणि ते देतो डबी लपवणाराच. म्हणजे पेपर काढणाऱ्यानेच ‘पेपर सोपा होता’ म्हणायचं. दीड तारा असेल तर पोरंसोरंही शोधतात. माझी शनिवारची अख्खी सकाळ गेली आणि खात्यावर शून्य.

खेळ असा की कुणीतरी डबी लपवतं, अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण मोबाइल धरून जायचं, डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबी होती तिथे परत ठेवायची. मिळत काही नाही. त्यातून खेळाचं नाव ‘कॅश’वरून (इंग्रजी cache, म्हणजे लपवलेला साठा; पैसे नव्हे), त्यामुळे घरच्यांना वाटतं मी रोकड शोधत फिरते. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारा काटा एका रात्रीत ताळ्यावर आला, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगनमध्ये एक बादली ठेवून तिचा पत्ता जाहीर केला. बादलीत बीन्सचा डबाही होता. निदान खायला तरी काहीतरी!

माझी मोहीम जुन्या शहराच्या चौकात होती. कारंज्यावरच्या पाटीतलं साल, घड्याळाच्या मनोऱ्याच्या खिडक्या, पुतळ्याच्या घोड्याने उचललेले पाय, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून डबीच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळवायचे. दगडी भिंतींवर सिग्नल आपटून काटा दोनदा रस्त्यापलीकडे जाऊन आला. शेवटी थांबला तो एका लोखंडी बाकावर. सूचना एका शब्दाची होती: ‘चुंबक’. म्हणजे डबी बाकाखाली चिकटवलेली.

बाकावर एक काका पेपर वाचत होते.

येणाऱ्याजाणाऱ्याला डबीचा सुगावा लागू द्यायचा नाही, हा या खेळातला शिष्टाचार. म्हणून मी चपलेची नाडी बांधायला वाकले. मग पुन्हा वाकले. चौथ्यांदा वाकले तेव्हा पेपर खाली आला.

“तुमच्या चपलेला नाडी नाही.”

“हं,” मी म्हटलं.

“पालिकेतून आलात?”

मी पुन्हा “हं” म्हटलं. त्या दुसऱ्या ‘हं’ने माझा घात केला.

“दोन वर्षं झाली अर्ज देऊन. बसा. तिथे नाही, इथे. हललं?”

हललं.

“लिहून घ्या.”

मी वही काढली. बाक हलतो. खांबावरचा दिवा रात्री बंद, दिवसा चालू. (वर पाहिलं, खरंच चालू होता.) कारंज्याला पाणी नाही. घोड्याच्या कानात कबुतराचं घरटं.

“ते आमच्याकडे येत नाही,” मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. अंगात आलं असावं. “उद्यान विभागाकडे जा.”

“गेलो होतो. ते म्हणाले पुरातत्त्वकडे. पुरातत्त्ववाले म्हणाले, घोडा आमचा, कबुतर नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. “अक्षर फार वाईट हो मॅडम तुमचं. द्या इकडे.” मग चारही तक्रारी त्यांनी स्वतः सुवाच्य अक्षरात दोनदा लिहिल्या, एका पानावर पोच म्हणून माझी सही घेतली, ते पान फाडून घडी केली, माझं पेन आपल्या खिशाला अडकवलं आणि समाधानाने निघून गेले.

ते वळणाआड जाताच मी बाकाखाली हात घातला. डबी होती! बोटाच्या पेराएवढी. आतली सुरळी उलगडली तर शेवटचं नाव वेड्यावाकड्या अक्षरांत, हिरव्या खडूने, शेजारी ‘वय ७’.

आणि माझ्याकडे पेन नाही. चौकात अकरा जणांना विचारलं. सगळ्यांकडे फोन. एकाने तर “टाइप करून घ्या ना” असा सल्लाही दिला. शेवटी सुरळीचा फोटो काढला, घरी जाऊन डबी सापडल्याची नोंद केली. संध्याकाळी लपवणाऱ्याने ती उडवली: चिठ्ठीवर सही नाही.

नियमाने त्याचं बरोबर आहे, हेच जास्त झोंबतं. डबी या हातात होती! पण हा मनुष्य घरबसल्या तारे वाटणार, बाकावर कोण बसतं ते एकदाही बघणार नाही, आणि वर सही मागणार. जिथे रोज सकाळी माणूस ठाण मांडून बसतो तिथली डबी दीड ताऱ्याची कशी? मी तसं कळवलंही. उत्तरादाखल हसरा चेहरा आला.

रविवारी तीन पेनं घेऊन गेले. काका होतेच. खिशाला माझं पेन, टोपण मीच चावलेलं.

“काय झालं दिव्याचं?”

“वरिष्ठांकडे पाठवलंय,” मी म्हटलं आणि शेजारी बसले. बाक हलला.

“अजून दोन मुद्दे आहेत,” काका म्हणाले. “वही आणलीय ना?”