इलिनॉयमधील काउंटी तुरुंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने आपल्या काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांसारख्या स्थानिक प्रशासनांना) स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेसाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारला तुरुंग भाड्याने देण्यास मनाई केली, या विषयावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. स्थलांतर हा फेडरल सरकारचा विषय असताना राज्याने त्यात आडवे येणे ही मुजोरी आहे, हा पहिला. आणि अशा मनाईने सुटका कोणाचीच होत नाही, माणसे फक्त आणखी दूरच्या तुरुंगात जातात, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही, आणि तो सुचण्यामागे आपल्या अंगवळणी पडलेली भारतीय चौकट असावी. संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशाच रीतीने राज्याने कारभार करावा, असे आपल्याकडे अनुच्छेद २५६ सांगतो आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देशही देऊ शकते. अमेरिकेत तसे नाही. पिस्तूल विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम फेडरल कायद्याने स्थानिक शेरीफांवर (काउंटीच्या पोलीसप्रमुखांवर) टाकले, तेव्हा मोंटाना आणि ॲरिझोनातील दोन शेरीफ न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची बाजू उचलून धरली : राज्याच्या अधिकाऱ्यांना फेडरल सरकार कामाला जुंपू शकत नाही. (निकाल लिहिणारे न्या. अँटोनिन स्कॅलिया उजव्या विचारांचे होते. आज त्याच निकालाचा आधार डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता असलेली राज्ये घेत आहेत.)

इलिनॉयचा २०२१ चा कायदा याच पायावर उभा आहे. तो फेडरल अधिकाऱ्यांना अटक करू नका असे सांगत नाही. आपल्याच काउंट्यांना करार मोडायला सांगतो. मॅकहेन्री आणि कँककी या काउंट्यांनी दाद मागितली, कारण दर कैद्यामागे रोज मिळणारे भाडे बुडणार होते. परंतु इलिनॉय ज्याच्या कक्षेत येते त्या सातव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२२ मध्ये कायदा वैध ठरवला. राज्याने स्वतःच्या अखत्यारीपुढे जाऊन खासगी कंपन्यांच्या स्थानबद्धता केंद्रांवर बंदी घातली, की चित्र पालटते : कॅलिफोर्नियाचा तसा कायदा २०२२ मध्ये अपिलात टिकला नाही, आणि न्यू जर्सीलाही २०२५ मध्ये एलिझाबेथ येथील केंद्राबाबत तोच अनुभव आला. सरसकट मुजोरी असती, तर न्यायालयांनी ही रेघ ओढलीच नसती.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. इलिनॉयमधील काउंटी तुरुंग या कामासाठी बंद झाल्यावर शिकागो परिसरात पकडलेली माणसे शेजारच्या इंडियाना राज्यातील क्ले काउंटीसारख्या ठिकाणी ठेवली जाऊ लागली. स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. त्यामुळे ज्याला स्वतःच वकील शोधायचा आहे, त्याला शिकागोपासून काही तासांवर नेऊन ठेवणे म्हणजे त्याने निम्मी लढत तिथेच हरणे. तरीही काउंटीच्या तिजोरीचा हिशेब माणसांना कोंडून ठेवण्यावर चालू नये, हे माझे मत बदललेले नाही. मात्र या मनाईची किंमत काउंटीपेक्षा कोंडलेल्या माणसाने अधिक मोजली, एवढी दुरुस्ती मी मूळ लेखात आजच करत आहे.