"तीस वर्षं फेविकॉलच लावतोय" म्हणणाऱ्या मिस्त्री काकांना उत्तर

मिस्त्री काका, तेलकट लाकडाचे जोड चिकटवण्यावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट तिखट होती पण वाचून बरं वाटलं. नुसतं "भारी भावा" लिहून पळणाऱ्यापेक्षा भांडायला येणारा माणूस मला कधीही परवडतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तीस वर्षं सागवानाला फेविकॉल लावतोय, एक दार सुटून आलं नाही, आणि ही आजकालची पोरं अ‍ॅरल्डाइट (म्हणजे इपॉक्सी गोंद) अन् लाकूड पुसायला अ‍ॅसिटोन सांगून गिऱ्हाइकाचा खर्च वाढवतात, वर अ‍ॅसिटोननं लाकडाचं तेल मरतं ते वेगळंच.

आधी दाराचं बोलू. तुमची दारं सुटत नाहीत हे मला शंभर टक्के मान्य, पण त्यात गोंदाचं श्रेय किती ओ? कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, भोकात घट्ट बसलंय, आरपार बांबूची मेख ठोकलीय, ते दार गोंद न लावतासुद्धा उभं राहील. जुन्या वाड्यांच्या दारांना कुठं होता फेविकॉल! मी लिहिलं होतं ते सपाट जोडाबद्दल, म्हणजे काठाला काठ लावून फळी चिकटवायची, मध्ये कुसू नाही, मेख नाही, सगळा भार एकट्या गोंदावर.

आणि हे मी यूट्यूब बघून नाही शिकलो, आईच्या शिव्या खाऊन शिकलोय. जुन्या तुळईचं सागवान मिळालं म्हणून तीन पट्ट्या जोडून तिला पोळपाट करून दिला. बेंदराला पुरणपोळ्या लाटायला घेतल्या, बाहेर पाऊस असा की आठ दिवस कपडे वाळले नव्हते, आणि पोळपाट मधोमध उकलला, तोही अर्धी पोळी लाटून झाल्यावर. नंतर तो जोड खिडकीपाशी नेऊन बघितला, तर एका बाजूला गोंदाची पातळ कातडी जशीच्या तशी, नखानं सोलली तर सरळ निघून आली, आणि समोरची बाजू स्वच्छ कोरी, लाकडाचा एक तंतू पण उपटला नव्हता. जोड नीट बसला असता तर तुटताना लाकूड ओरबाडून निघालं असतं. म्हणजे गोंद लाकडाला धरलाच नव्हता.

चूक माझीच. एका रविवारी रंधा मारला आणि गोंद लावला पुढच्या रविवारी. सागवान काय, शिसव काय, आतलं तेल हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यातला, त्याचं पाणी लाकडात मुरलं तर तो धरणार, आणि तेलकट लाकडावर पाण्याचा थेंब अळूच्या पानावर उभा राहतो तसा राहतो. घरी करून बघा, आठ दिवस पडलेल्या तुकड्यावर एक थेंब आणि आत्ता रंधा मारलेल्यावर एक. त्यात सागवानात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं, आणि बोथट पातं लाकूड कापायच्या ऐवजी घासून चकचकीत करतं, हात फिरवला की छान वाटतं पण गोंदाला आत शिरायला जागाच नाही.

अ‍ॅसिटोननं लाकूड मरत नाही काका. ते वरवरचं तेल पुसतं आणि उडून जातं, आतलं तेल आतच असतं, उलट थोड्या वेळानं परत वर येतं, म्हणून पुसलं की वाळलं-वाळलं म्हणेपर्यंत गोंद लावायचा, चहाला जायचं नाही. पांढऱ्या फडक्यानं पुसा, फडकं तपकिरी होतं ते बघा. फक्त जवळ बिडी नको, भडकन पेटतं. आणि ताजा रंधा असेल तर मी स्वतः बऱ्याचदा अ‍ॅसिटोन वापरतच नाही.

आता खर्च. सगळ्याला इपॉक्सी लावा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. तोच पोळपाट मी परत जोडला तो पाण्याला टिकणाऱ्या पांढऱ्या गोंदानंच, फक्त रंधा मारल्या मारल्या, आणि अजून शाबूत आहे. इपॉक्सी लागतो कुठं, तर शिसवीसारख्या जास्त तेलकट आणि गच्च लाकडाला, किंवा जोडात फट राहिली असेल तर, कारण तो पाणी सुकून नाही, दोन रसायनं एकमेकांत मिसळून कडक होतो. पण तिथं पांढऱ्या गोंदासारखा शिकंजा (जोड दाबून धरणारा क्लॅम्प) जोरात आवळलात तर सगळा माल बाहेर येऊन जोड उपाशी राहील. आणि तो पाच मिनिटंवाला नको, रात्रभर घेणारा घ्या.

"कोकोबोलो कोल्हापुरात कोण वापरतंय" हे पटलं, परदेशातलं तेलकट लाकूड ते, सुरीच्या मुठी करणारे दोन-चार हौशी सोडले तर कोणी नाही. पण कोकोबोलो, शिसव, शिसम सगळी एकाच खानदानातली, डाल्बर्जिया. म्हणून उदाहरण दिलं. कोकोबोलोचा भुसा अंगाला लागला की काही जणांना पुरळ येतं, तेवढं सांभाळा.

राहिला तुमचा शिसवी देव्हारा, "त्याला पण अ‍ॅरल्डाइट लावू काय" असं टोमण्यात विचारलंय तरी खरं उत्तर देतो. खांबांना कुसू आहे तिथं तुमचा फेविकॉलच लावा. नक्षीच्या पट्ट्या नुसत्या चिकटवणार असाल तिथं इपॉक्सी. पण निरांजनाच्या बरोबर वर येणाऱ्या कमानीला एकट्या इपॉक्सीवर सोडू नका, रोजच्या आचेनं तो मऊ पडतो, तिथं मागनं दोन बारीक मेखा ठोकाच.