"सही केलीय ना, मग आता काही होत नाही": फ्रोझन एम्ब्रियोबद्दलची ती पोस्ट

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे फ्रीझ केलेले एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेले अगदी सुरुवातीचे गर्भ, खराब झाले तर तो अपघात, फॉर्मवर सही दिली की क्लिनिकवर केस होत नाही, नियम तर आधीच भरपूर आहेत, आणि अजून कडक केले तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यासारखं आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचारच) बंद पडेल.

अपघात? ४ मार्च २०१८ला, योगायोगाने एकाच दिवशी, अमेरिकेत दोन ठिकाणी एम्ब्रियो गोठवून ठेवायच्या टाक्यांनी दगा दिला. क्लीव्हलंडजवळच्या हॉस्पिटलात ४,०००हून जास्त एग्ज आणि एम्ब्रियो गेले, आणि तिथला रिमोट अलार्म बंदच होता. सॅन फ्रान्सिस्कोत टाकीवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर बिघडलेला म्हणून आधीच अनप्लग करून ठेवलेला. उणे १९६ डिग्रीला जपायची गोष्ट, आणि राखणदारच झोपवलेला, याला आपल्याकडे हलगर्जीपणा म्हणतात.

केस होत नाही हेही चूक. त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात जून २०२१मध्ये ज्युरीने पाच जणांना मिळून जवळपास दीड कोटी डॉलर द्यायला लावले, दोष ९० टक्के टाकी बनवणाऱ्या कंपनीचा आणि १० टक्के क्लिनिकचा धरला. पोस्टमध्ये खरं आहे ते एवढंच की सहीमुळे क्लिनिकवरचे दावे उघड कोर्टाऐवजी लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या खाजगी निवाड्याकडे गेले. म्हणून सही करताना लवादाचं कलम तेवढं नीट वाचा, बाकी पानं कोण वाचतं.

नियम भरपूर म्हणाल तर तिथला १९९२चा केंद्रीय कायदा क्लिनिककडून सक्सेस रेट मागतो, आणि नाही दिला तर शिक्षा काय, तर न देणाऱ्यांच्या यादीत नाव. लॅबच्या सर्टिफिकेशनचा एक नमुना केला होता, पण तो घ्यायचा की नाही ही राज्यांची मर्जी!

आता अलाबामा, कारण सगळी भीती तिथूनच येते. २०२०मध्ये हॉस्पिटलातला एक पेशंट उघड्या राहिलेल्या दारातून थेट स्टोरेजमध्ये शिरला, एम्ब्रियो हातात घेतले, हात थंडीने भाजला आणि ते खाली पडले. त्यावरून झालेल्या केसमध्ये फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मुलांच्या मृत्यूबद्दलचा १८७२चा एक कायदा लावून एम्ब्रियो म्हणजे मूलच असं ठरवलं, तेव्हा काही क्लिनिक्सनी घाबरून काम थांबवलं. यात नवीन नियम कुठे आला? दाराला लॉक पाहिजे, आत कोण जातो याची नोंद पाहिजे, असं कोणी म्हटलंच नाही, सगळे मूल की मालमत्ता यावरच भांडत बसले. आणि ६ मार्चला सही झाली ती क्लिनिक्सना एम्ब्रियोच्या नुकसानीपासून दिवाणी आणि फौजदारी दोन्ही संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, म्हणजे जबाबदारी होती तीही गेली.

उलट ब्रिटनमध्ये १९९१पासून स्वतंत्र नियामक आहे, लायसन्स, इन्स्पेक्शन, काही चुकलं तर कळवायची सक्ती, सगळं आहे. आयव्हीएफ तिथे मजेत चालू आहे, आणि २०२२पासून तर ठराविक काळाने संमती देत राहिलं की एम्ब्रियो ५५ वर्षांपर्यंत ठेवता येतात.