मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागेल का?

दिवाळीपासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चालू आहे. विदर्भातली मूर्तिजापूर-अचलपूर ही ७६ किलोमीटरची शकुंतला रेल्वे बंद पडून काही वर्षे झाली. तिचे रूळ रुंद करून ती पुन्हा चालू करावी, असे निम्म्या लोकांचे म्हणणे आहे. उरलेले विचारतात की, रस्ते झाले, घरोघरी मोटारसायकली आल्या, आता दर्यापूर-अंजनगावच्या माणसाला रेल्वे कशाला हवी? मी बर्लिनमध्ये राहतो आणि मला ही रेल्वे हवी आहे. पण ती पुढे कोणत्या मार्गाला आणि कशी जोडली जाणार, हे मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणी विचारत नाही, याची मला काळजी वाटते.

बर्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली शेवटची स्थानके शहराच्या कडेकडेने बांधली होती. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची तर सामानासकट शहर ओलांडावे लागे. १८५१ मध्ये स्थानके जोडणारा एक रूळमार्ग झाला, पण तो मुख्यतः मालासाठी होता आणि रस्त्यांच्याच पातळीवरून जात असल्याने रहदारी अडवू लागला. अखेर १८८२ मध्ये श्टाटबान, म्हणजे शहर-रेल्वे, सुरू झाली. विटांच्या कमानींवर उचललेला हा मार्ग पूर्व-पश्चिम असा शहराच्या मधोमध जातो, आणि त्यावरच्या चार रुळमार्गांपैकी दोन लोकलसाठी, तर दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आहेत. एका भागात तर जुन्या तटबंदीचा खंदक बुजवून त्याला जागा केली. अशाच एका कमानीखालच्या दुकानात मी सायकल दुरुस्तीला देतो. वरून गाडी गेली की भिंतीवर टांगलेले पाने किणकिणतात आणि कारागीर मान वर न करता काम करत राहतो.

ही जोड तुटली की काय होते, तेही या शहराने भोगले आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली सीमा बंद झाल्यावर फ्रीडरिखश्ट्रासे स्थानकात पूर्वेची आणि पश्चिमेची लोकल वेगवेगळ्या फलाटांवर संपू लागली. रूळ होते, स्थानक एकच होते, पण पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ जाणारी लोकल नव्हती.

दर्यापूर म्हणजे बर्लिन नव्हे, हे मला गटावर ऐकवले जाते आणि ते खरेच आहे. आपल्या खारपाणपट्ट्यात दर पाच मिनिटांनी लोकल भरणार नाही. परंतु जोडणीची गरज लोकसंख्येवरून ठरत नाही. उलट, दिवसातून दोनच गाड्या असतील, तिथे एक गाठ चुकली की अख्खा दिवस जातो. शकुंतलाचे रूळ जेमतेम अडीच फुटांचे, मुख्य मार्ग ब्रॉडगेजचा. म्हणून इंग्रजांच्या काळी मुंबईकडे निघालेला कापूस मूर्तिजापूरला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे, आणि माणसांनाही गाठोडी घेऊन तिथेच उतरावे लागे. अमरावतीची गोष्टही फार वेगळी नाही: शहरातले स्थानक बडनेऱ्याहून फुटणाऱ्या फाट्यावरचे, मुंबई-हावडा मार्गावरचे स्थानक बडनेऱ्याला, आणि नरखेड मार्गावरचे नवे अमरावती आणखी निराळे. मागच्या वर्षी आईला दवाखान्यासाठी मुंबईला नेले होते. परतताना आम्ही रात्री दोनला बडनेऱ्यात उतरलो आणि पहिली एसटी मिळेपर्यंत ती फलाटावरच्या बाकावर शाल पांघरून बसून राहिली. "गाडीत काही होत नाई बाबू," ती म्हणाली, "थकवा येते त मंधातच."

रस्त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. अचलपूरहून निघालेली नवी गाडी मूर्तिजापूरच्या वेगळ्या फलाटावर संपणार असेल आणि पुढची गाडी तीन तासांनी असेल, तर लोक एसटीनेच जातील आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल. म्हणून खासदारांना द्यायच्या निवेदनात 'शकुंतला पुन्हा सुरू करा' या एका ओळीने भागणार नाही. अचलपूरचा माणूस डबा न बदलता अमरावती-नागपूरकडे किंवा अकोल्याकडे जाईल का, मूर्तिजापूरला फलाट कोणता असेल आणि दर्यापूरच्या स्थानकासमोर एसटी थांबेल का, हे तीन प्रश्न त्यात लिहून घ्यावेत. मसुदा मी गटावर टाकला आहे. सह्या गावातल्यांनीच करायच्या आहेत.