जुना डॉलर घासू नका

“शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन चांदीचा डॉलर म्हणजे दुर्मीळ नाणे, तो घासून लख्ख केला की किंमत वाढते आणि लोहचुंबक चिकटले नाही की तो अस्सल समजावा,” असा संदेश सध्या बराच फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही. उदाहरण सर्वपरिचित मॉर्गन डॉलरचेच घेऊ.

आधी वय. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये मिळून हे डॉलर ६५ कोटींहून अधिक पाडले गेले. अमेरिकेच्या १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी आली (पणजोबांच्या बटव्यातल्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखादा मॉर्गन मुरलेला असू शकतो). मात्र कोणत्या वर्षाची किती नाणी वितळली याची नोंदच ठेवली गेली नाही. त्यामुळे टांकसाळीच्या आकड्यावरूनही दुर्मीळता ठरत नाही, तिथे नुसत्या वयाची काय कथा! न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा डॉलर कोऱ्या अवस्थेत मिळणे दुरापास्त मानले जाई. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच बाहेर पडल्या आणि भाव कोसळला. उलट सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा डॉलर, जो एक लाखच पाडला गेला, झिजलेला असला तरी मोठी किंमत घेतो.

घासण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. नाण्याची प्रत १ ते ७० या शेल्डन मापपट्टीवर ठरते आणि ६० पासून पुढे वापराची झीज चालत नाही. मॉर्गनवर ही झीज प्रथम एका बाजूवरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) कानावरील केसांत व दुसऱ्या बाजूवरच्या गरुडाच्या छातीवर दिसते. पण न्यू ऑर्लिन्सच्या पुष्कळ नाण्यांवर नेमका तिथलाच छाप मुळात पुसट उठलेला असतो. झीज की कच्चा छाप, हे ओळखण्याचा मोठा आधार म्हणजे नाणे तिरपे फिरवल्यावर चक्राच्या आऱ्यांसारखी सरकणारी मूळ झळाळी. चिंच, सोडा किंवा टूथपेस्टने घासले की ती झळाळी जाते, बारीक ओरखडे उरतात आणि परीक्षक बहुधा अंक देण्याचेच नाकारतात. देव्हाऱ्यातले निरांजन खुशाल घासावे, हे नाणे नव्हे.

लोहचुंबक चिकटले तर नाणे खोटे, एवढेच खरे. तांबे, पितळ आणि शिसे यांनाही ते चिकटत नाही. अस्सल मॉर्गन २६.७३ ग्रॅमचा, ३८.१ मिलिमीटर व्यासाचा आणि ९० टक्के चांदीचा असतो. सोनाराच्या काट्यावर तीन-चार ग्रॅमची तूट आली, तर पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही.